हातची कला आणि दूरचा ग्राहक : पॉलिमर मातीच्या कलावस्तूंचे छायाचित्रण

इंदूर शहराचे छायाचित्रणाशी असलेले नाते दीडशे वर्षांचे आहे. रुरकी येथील टॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले दीनदयाळ नावाचे एक तरुण सन १८६६ मध्ये इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. सन १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणाचा अभ्यास सुरू केला. होळकर नरेश दुसरे तुकोजीराव यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. पुढे सन १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत मध्य भारताचा प्रवास करून त्यांनी तेथील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली आणि राजा दीनदयाळ या नावाने ते देशभर विख्यात झाले. ग्वाल्हेरचा किल्ला किंवा सांचीचा स्तूप ज्यांनी कधी पाहिला नव्हता, अशा हजारो लोकांनी तो या छायाचित्रांतून पाहिला. दूर असलेल्या माणसाला एखादी वस्तू जशी आहे तशी दाखविणे, हेच छायाचित्राचे खरे कार्य होय.

आज हेच कार्य लहान कारागिराच्या वाट्याला आले आहे. पूर्वी त्याची वस्तू जत्रेत, बाजारात किंवा हस्तकला भांडारात मांडली जाई. गिऱ्हाईक ती हातात घेई, उलटसुलट करून पाही आणि मगच भाव करी. आता मोबाइलच्या पडद्यावरून खरेदी करणारा ग्राहक शेकडो मैल दूर असतो. त्याला वस्तूचे वजन कळत नाही, स्पर्श कळत नाही. त्याच्यासमोर असते ते केवळ छायाचित्र. प्रदर्शनासाठी वस्तूंची निवड करणाऱ्या परीक्षकांची स्थितीही पुष्कळदा अशीच असते. म्हणून छायाचित्र नीट घेणे हा आता कारागिरीचाच एक भाग बनला आहे. पॉलिमर मातीपासून बनविलेल्या वस्तूंच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

ही माती कोणती?

पॉलिमर माती या नावात माती असली तरी ती जमिनीतून खणून काढलेली नसते. पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकची बारीक भुकटी, तिला मऊपणा देणारे द्रव आणि रंगद्रव्ये यांच्या मिश्रणातून ती तयार होते. ती उघड्यावर लवकर वाळत नाही. त्यामुळे सावकाश, बारीक काम करता येते. वस्तू घडवून झाली की वेष्टनावर दिलेल्या तापमानाला, सामान्यतः ११० ते १३० अंश सेल्सिअसला, विजेच्या लहान भट्टीत ती भाजतात. कुंभाराच्या आव्याची गरज पडत नाही. मात्र उष्णता फार वाढल्यास वस्तू करपते आणि तिच्यातून आरोग्यास घातक असा धूर निघतो, याचे भान ठेवावे लागते. या मातीचा उगम जर्मनीतला असून सन १९६६ पासून ती तेथे ‘फिमो’ या नावाने बाजारात आली. आपल्याकडे आता तिच्यापासून कर्णभूषणे, पदके, लहान मूर्ती आणि नित्याच्या वस्तूंच्या इवल्या प्रतिकृती करण्यात येतात.

इंदूरसारख्या शहरात अशा कलेला अनुकूल भूमी आहे. सन १९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या प्रयत्नाने येथे चित्रकलेचे शिक्षण सुरू झाले आणि नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन यांच्यासारख्या कलावंतांनी येथे धडे घेतले. इंदूरच्या चामडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. होळकरांच्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत रांगोळी, चैत्रगौरीची आरास आणि गणपतीची मखरे घरच्या घरी करण्याची प्रथा आहे. ज्या हातांना अशी सवय आहे, त्यांना बोटभर उंचीची गुढी किंवा नाण्याएवढ्या बशीतील पोहे-जिलबी घडविणे अवघड नाही. अवघड आहे ते, तिचे बारीक काम दूरच्या माणसाला दाखविणे.

साहित्य थोडेच लागते

चांगल्या छायाचित्रासाठी महागडा कॅमेरा हवा, असा एक गैरसमज आहे. अलीकडच्या काळातील साधा मोबाइलही या कामास पुरेसा होतो. त्याशिवाय लागते ती एक खिडकी, एक टेबल, पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी रंगाचा एक कार्डशीट, एक पांढरा पुठ्ठा आणि एक ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरे मलमलीचे कापड. मोबाइल स्थिर ठेवण्यासाठी लहान तिपाई असल्यास उत्तम. नसल्यास पुस्तकांच्या चळतीला टेकवूनही काम भागते.

टेबल खिडकीशी काटकोनात असे मांडावे, की प्रकाश वस्तूच्या एका बाजूने येईल. कार्डशीटचे एक टोक भिंतीला चिकटवावे आणि दुसरे टेबलावर पुढे ओढून घ्यावे. मध्ये घडी पडू देऊ नये. कागदाला सौम्य वळण द्यावे. अशा वळणामुळे टेबल आणि भिंत यांच्या सांध्याची रेघ छायाचित्रात दिसत नाही व पाहणाऱ्याची नजर वस्तूवरच राहते. वस्तू कागदाच्या उभ्या भागापासून वीतभर पुढे ठेवावी, म्हणजे तिची सावली मागे पडत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. तो प्रकाश परत फेकतो आणि वस्तूची काळवंडलेली बाजू उजळते. पुठ्ठा जवळ आणला की सावली फिकी होते, दूर नेला की गडद होते.

छायाचित्र घेण्यापूर्वी वस्तू स्वच्छ करणे अत्यावश्यक आहे. पॉलिमर मातीवर धूळ, कापसाचे तंतू आणि बोटांचे ठसे चटकन बसतात. डोळ्याला ते दिसत नाहीत. परंतु दोन सेंटिमीटरचे कानातले पडद्यावर तळहाताएवढे झाले की प्रत्येक तंतू दोरखंडासारखा दिसू लागतो. भाजलेली वस्तू मऊ कुंचल्याने झाडावी व मोबाइलचे भिंगही स्वच्छ पुसून घ्यावे. नखांचा रंग काढण्याचे द्रव मात्र वस्तूला लावू नये. त्यातील अॅसिटोनमुळे तिचा पृष्ठभाग विरघळतो.

मऊ प्रकाश आणि चकाकी

प्रकाश दोन प्रकारचा असतो. भर दुपारचे ऊन किंवा मोबाइलचा फ्लॅश हा कडक प्रकाश होय. त्याने काळ्या, तीक्ष्ण सावल्या पडतात आणि रोगण लावलेल्या वस्तूवर पांढरे डाग उमटतात. ढगाळ आकाशाचा किंवा पातळ कापडातून गाळून आलेला प्रकाश मऊ असतो. त्यात सावलीची कड विरघळते व वस्तूचा उठाव हळुवारपणे दिसतो. प्रकाशाचा स्रोत वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितका प्रकाश मऊ, हा यामागील साधा नियम आहे. सूर्य प्रचंड असला तरी दूर असल्याने तो लहानच दिसतो. खिडकीवर लावलेले पांढरे कापड मात्र वस्तूच्या मानाने मोठे असते.

उत्तरेकडील खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, म्हणून ती या कामास सोयीची. तथापि इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने जूनच्या मध्यास भर दुपारचा सूर्यही तेथे थोडा उत्तरेकडे कललेला असतो. अशा दिवसांत आणि इतर दिशांच्या खिडक्यांना पातळ कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावावा.

चकाकीची गोष्ट वेगळी. चकचकीत वस्तू ही आरशासारखी असते. तिच्या पृष्ठभागावर समोरची खिडकी, कारागिराचा रंगीत पोशाख, छताचा पंखाही उमटतो. चकाकी पूर्णपणे घालविणे योग्य नव्हे, कारण वस्तू चकचकीत आहे हे ग्राहकाला तिच्यावरूनच कळते. वस्तू थोडी फिरवून किंवा मोबाइल किंचित वर-खाली करून ती चकाकी एका कडेला न्यावी, म्हणजे नक्षी झाकली जाणार नाही. याउलट, खोदीव किंवा ठशांची नक्षी असलेल्या मंद पृष्ठभागासाठी प्रकाश अगदी तिरका यावा. समोरून आलेल्या प्रकाशात खाचा बुजून जातात. बाजूने आलेल्या प्रकाशात त्या उठून दिसतात.

रंगांचा खरेपणा

पॉलिमर मातीचे खरे आकर्षण तिच्या रंगांत आहे आणि सर्वाधिक तक्रारीही रंगाबद्दलच उद्भवतात. खिडकीचा प्रकाश निळसर, जुन्या पद्धतीच्या दिव्याचा प्रकाश पिवळसर असतो. दोन्ही एकदम असले तर वस्तूची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते व ती चूक नंतर सुधारणे जड जाते. म्हणून दिवसा छायाचित्र घेताना खोलीतील दिवे बंद ठेवावेत. रात्रीच काम करावयाचे असल्यास एकाच प्रकारचे दोन एलईडी दिवे घ्यावेत आणि त्यांचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात हे सांगणारा अंक, ९० किंवा त्याहून अधिक असल्याची खात्री करावी.

कॅमेऱ्याचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवावा. समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे तो गृहीत धरतो. त्यामुळे पांढऱ्या कागदावरील वस्तू काळपट येते आणि काळ्या कापडावरील वस्तू फिकट येते. मोबाइलच्या पडद्यावर वस्तूवर बोट ठेवले की उजेड कमी-जास्त करण्याची खूण दिसते; पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी ती किंचित वर, काळ्यासाठी किंचित खाली सरकवावी. भडक लाल आणि जांभळ्या रंगांत बारकावे लवकर पुसले जातात. तेथे उजेड थोडा कमीच ठेवावा. छायाचित्र घेतल्यावर वस्तू त्याच खिडकीपाशी पडद्याशेजारी धरून रंग पडताळावा. रंग अधिक मोहक करणाऱ्या तयार छटा वापरू नयेत. ज्या छटेने वस्तू अधिक देखणी होते, त्याच छटेमुळे ती परतही येते.

आकार, अंतर आणि उंची

मोबाइल वस्तूच्या अगदी जवळ नेल्यास पुढचा भाग फुगतो आणि मागचा आखडतो. गणपतीची सोंड मोठी आणि कान लहान दिसतात. यासाठी थोडे मागे सरकून, मोबाइलला दुप्पट जवळ दाखविणारे स्वतंत्र भिंग असल्यास त्याचा उपयोग करावा. नसल्यास दुरूनच छायाचित्र घेऊन नंतर कडा छाटाव्यात. मागची बाजू कृत्रिम रीतीने धूसर करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती कानातल्याची तार किंवा मूर्तीची बोटे यांच्या कडाही पुसून टाकते. मूर्ती तिच्या नजरेच्या उंचीवरून, पदक किंवा बशी सरळ वरून आणि कर्णभूषणे टांगून दाखविणे इष्ट. मोबाइल हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

वस्तू केवढी आहे, हे एकट्या वस्तूवरून कधीच कळत नाही. पोहे-जिलबीची इवली बशी जेवणाच्या बशीएवढीही भासू शकते आणि मग टपालाने हाती आलेल्या डबीतून नाण्याएवढी वस्तू निघाली की ग्राहकाला फसवणूक वाटते. म्हणून एका छायाचित्रात ओळखीची वस्तू शेजारी ठेवावी. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते. ते सर्वांच्या परिचयाचे आहे. तळहातावर ठेवून घेतलेले चित्रही उपयोगी पडते. वर्णनात लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये लिहावे.

विक्रीसाठी एक, प्रदर्शनासाठी दुसरे

विक्री आणि प्रदर्शन यांची मागणी एकच नसते. ग्राहकाच्या मनात प्रश्न असतात : केवढी आहे, मागून कशी आहे, कानाला जड होईल का, डबी कशी आहे? म्हणून विक्रीसाठी एका वस्तूची पाच-सहा छायाचित्रे असावीत. पहिले साध्या पार्श्वभूमीवरचे, दुसरे बाजूचे, तिसरे पाठीमागचे व आकड्याचे, चौथे नाण्यासह, पाचवे वापरातले. अॅमेझॉनसारख्या बाजारपेठेत मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी असावी आणि वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा, असा नियम आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने सन २०२३ मध्ये ‘इंडिया हँडमेड’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे कारागिराला आपली वस्तू थेट विकता येते. लांब बाजू २००० पिक्सेलची असलेली जेपीईजी प्रत बहुतेक ठिकाणी पुरते.

परीक्षकांचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. या वस्तूत नवी कल्पना कोणती आणि तिची घडण किती सफाईची, एवढेच ते पाहतात. पूर्वी परीक्षकांकडे पारदर्शिका पाठवीत व त्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर दाखवीत. कोडॅक कंपनीने सन २००४ मध्ये पारदर्शिका दाखविणाऱ्या यंत्रांचे उत्पादन थांबविले आणि त्यांची जागा संगणकीय प्रतींनी घेतली. साधन बदलले तरी रीत तीच राहिली : एकामागून एक चित्रे समोरून जातात आणि प्रत्येकास थोडाच अवधी मिळतो. तेथे फुले, शंख, रेशमी वस्त्र अशी आरास घातक ठरते. राखाडी किंवा वर काळसर होत जाणारी पार्श्वभूमी, मध्यभागी एकच वस्तू आणि सोबत बारीक कामाचे एक जवळचे चित्र, एवढे पुरे. अनेक ठिकाणी परीक्षण नाव झाकून होत असल्याने चित्रावर नाव किंवा शिक्का उमटवू नये. अनेक वस्तू पाठवावयाच्या असल्यास सर्वांची पार्श्वभूमी व प्रकाश एकसारखा ठेवावा. त्यामुळे त्या एकाच हातच्या असल्याचे जाणवते.

ललित कला अकादमीचे राष्ट्रीय कला प्रदर्शन सन १९५५ पासून आणि हस्तशिल्पांचे राष्ट्रीय पुरस्कार सन १९६५ पासून सुरू आहेत. प्रत्येक प्रदर्शनाचे नियम निराळे असतात. कोठे आधी छायाचित्र मागतात, कोठे वस्तूच मागवितात. अर्ज भरण्यापूर्वी प्रतीचा आकार, संख्या आणि शेवटची तारीख नीट वाचावी. उत्तम काम केवळ चुकीच्या आकाराच्या प्रतीमुळे बाजूला पडावे, याहून खेदाची गोष्ट नाही.

कायदा काय सांगतो?

खरेपणा हा येथे केवळ नीतीचा विषय नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याची जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी जुळणारी असली पाहिजे. वस्तू जाहिरातीप्रमाणे नसल्यास ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. वस्तू परत आली म्हणजे टपालखर्च जातो, नाजूक भाग मोडतात आणि श्रमही वाया जातात. मोठ्या व्यापाऱ्याला असा तोटा सोसतो. घरी बसून महिन्याला पंधरा-वीस वस्तू करणाऱ्या भगिनीला तो सोसत नाही.

तसेच दुसऱ्याच्या वस्तूचे छायाचित्र उचलून आपल्या नावावर लावणे हे कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे उल्लंघन ठरते. मोबदला देऊन छायाचित्रकाराकडून चित्रे काढून घेतली असतील, तर वेगळा करार नसल्यास त्यांचा पहिला हक्क काम सांगणाऱ्याकडे असतो. तरीही ही गोष्ट आधीच कागदावर लिहून घेणे श्रेयस्कर. मूळ छायाचित्र, कोणताही फेरफार न करता, तारखेसह जपून ठेवावे. पुढे वाद उद्भवल्यास तोच पुरावा होतो.

शाळा आणि कार्यालये यांचे साहाय्य

या कामी शिक्षकांना मोठा हातभार लावता येईल. एकच मातीचा बैल फ्लॅशने, भर उन्हात आणि खिडकीपाशी पुठ्ठा लावून, असा तीन वेळा टिपावा आणि ती चित्रे वर्गात शेजारी-शेजारी लावावीत. प्रकाशाचे परावर्तन आणि छाया हा पाठ याहून सोप्या रीतीने क्वचितच शिकविता येईल. महिला बचतगटांच्या प्रशिक्षणात एक दिवस छायाचित्रणासाठी ठेवता येईल. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या कार्यालयात खिडकीपाशी एक टेबल, दोन कार्डशीट आणि एक तिपाई कायमची मांडून ठेवल्यास आसपासच्या गावांतील कारागीर आपल्या वस्तू तेथे आणून चित्रे घेऊ शकतील. यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ती थोडी आस्था. ही रीत केवळ पॉलिमर मातीपुरती नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी, इंदूरचे चामडी प्राणी, कुंभाराचे माठ, यांनाही ती तशीच लागू पडते.

छायाचित्र तयार झाले की ते, वस्तू न पाहिलेल्या एखाद्या शेजाऱ्याला दाखवावे आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत : ही वस्तू केवढी आहे, तिचा रंग कोणता आणि तिचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत? तिन्ही उत्तरे बरोबर आली तर चित्र पाठविण्यास योग्य झाले असे समजावे. एखादे उत्तर चुकले, तर दोष शेजाऱ्याचा नसून चित्राचा आहे, आणि खिडकी अजून तेथेच आहे. चित्र पुन्हा घेता येते. दूरच्या गावच्या ग्राहकाने डबी उघडावी आणि पडद्यावर पाहिलेली वस्तूच आपल्या हाती आली, असे त्याला वाटावे, यातच कारागिराची पत आहे. ती पत एकदा बसली, की पुढची मागणी आपोआप येऊ लागते.